पाचनईच्या मामांना

मामा, नमस्कार.

पाय आता बरा आहे. पत्राला दोन महिने लागले, कारण आभार नुसते त्या पायाचे मानायचे नव्हते.

तुमच्या झापापाशी लंगडत आलो तेव्हा हरिश्चंद्रगड माझा ७१वा गड होता. चाळिशीच्या आत १०० किल्ले करायचे, हे मी पस्तिसाव्या वाढदिवसाला ठरवलं होतं. ठरवलं ते चांगलंच झालं. नाहीतर साल्हेर, अलंग-मदन-कुलंग कधी घडलेच नसते. पण पन्नास झाले आणि काहीतरी बिनसलं. गड झाल्याचा आनंद पायथ्याच्या गाडीपर्यंतही टिकेना. उतरतानाच डोक्यात पुढचा आकडा. सोबत्यांनी टाक्यापाशी डबे उघडले की माझी चिडचिड सुरू. हळूहळू ते यायचे थांबले आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. वेग वाढणार होता ना!

त्या दिवशीही दुपारी उतरून कुंजरगड गाठायचा होता. केदारेश्वराच्या गुहेत चारांतल्या उरलेल्या एका खांबाचा फोटो काढला, पिंडीभोवतीच्या गार पाण्यात पायही न घालता निघालो, आणि ओल्या कातळावर पाय मुरगळला.

तुम्ही हळद गरम करून लावलीत, मुक्काम करायला लावलात. रात्री चुलीपाशी विचारलंत, "रतनगडाला गेलता ना? नेढ्यात वारं कसं लागतं आता? मी लगीन व्हायच्या आधी गेलतो." मी वही उघडली. वर १०.४०, खाली १२.१५. मोबाइलमध्ये फोटोही होता, नेढ्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळाला आरपार पडलेल्या भोकात, उभा असलेला मी. वारा मात्र काही केल्या आठवेना. तुम्ही पुढे काही बोलला नाहीत, तव्यावरची भाकरी उलटलीत. मी रात्रभर एकेक गड आठवत पडलो होतो. बऱ्याच गडांची फक्त वेळ आठवत होती.

सकाळी काठी हातात देऊन कोकणकड्यावर नेलंत. ऊन पाठीशी आणि दरीत धुकं असलं की तिथे गोल इंद्रवज्र दिसतं, इंग्रजांच्या काळात कर्नल साइक्सने ते पाहिल्याची नोंद आहे, एवढं मला पाठ होतं. तुम्ही म्हणालात, "दिसलं तर दिसलं. बसा." दोन तास बसलो. दिसलं नाही. ढग दरीतून वर यायचे, काठाशी विरायचे. सोनकीच्या पाकळ्यांवर दव तसंच होतं. कारवीकडे बोट करून तुम्ही सांगितलंत, "ही सात वर्सांनी फुलती. मागल्या फुलोऱ्याला धाकटीचं लगीन." मला कुठेही जायचं नव्हतं, मामा. असं किती वर्षांनी झालं होतं!

शंभराचा नाद सोडलेला नाही. आकडा ७४वर आहे, चाळिशी फेब्रुवारीत येते, गणित जुळणार नाही. झोप मात्र छान लागते. गेल्या महिन्यात जुन्या दोघांना फोन केला. राजगड वहीत केव्हाच झालेला, तरी गेलो आणि अख्खी दुपार संजीवनी माचीवर काढली. परतताना त्यांनीच विचारलं, पुढच्या वेळी कुठे?

डिसेंबरात त्यांना घेऊन तुमच्याकडे येतोय. बॅटरीचे सेल म्हणाला होतात, ते घेतलेत. मामींना काही हवं असेल तर कळवा.

तुमचा,
मुरगळल्या पायाचा पाहुणा