दोघांच्या डावालाही जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला घरी खेळायच्या खेळांवरचा लेख आवडला. मात्र त्यातल्या प्रत्येक खेळाला चार-पाच माणसं लागतात. आमच्या घरी दोघीच आहोत, मी आणि ताई. गेल्या वर्षी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिच्या मांडीवरच्या ट्रेवर मावेल असा पत्त्यांचा खेळ मी शोधत होते. खोक्यावर ‘२ ते ४ खेळाडू’ छापलेला एक खेळ हौसेनं आणला. दोघींत तो रंगेना, आणि मांडायला अख्खं टेबल लागलं.

आम्हाला हवा होता तो आधी पत्ते निवडून आपापला डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, जुळवायचा आणि मग भिडायचं, असा खेळ. तो ‘एपिक’मध्ये सापडला. हा खेळ २०१५चा. १२० पत्ते, सगळे वेगवेगळे. ड्राफ्टसाठी, म्हणजे आळीपाळीनं पत्ते निवडण्यासाठी, प्रत्येकीला पाच पत्ते वाटायचे. त्यातला एक ठेवून चार समोरचीला द्यायचे. तिच्याकडून आलेल्या चारांतले दोन घ्यायचे, उरलेले दोन बाद. अशा दहा फेऱ्यांत प्रत्येकीचा ३० पत्त्यांचा डेक तयार होतो. ताईनं त्या चारांतले कोणते दोन उचलले हे मला कळत नाही, पण मी काय देऊन बसले ते पक्कं आठवत असतं. मनासारखा पत्ता आला की ती तो हनुवटीला टेकवते आणि खिडकीबाहेर बघते. मग माझा पुढचा डावच बदलतो. नुसत्या वाटलेल्या पत्त्यांत ही चुरस नाही. डाव संपल्यावरही ‘तो पत्ता तू सोडलासच कसा?’ हे बराच वेळ चालतं.

नवा खेळ घ्यायलाच हवा असंही नाही. ‘जर्मन व्हिस्ट’ साध्या ५२ पत्त्यांत होतो. प्रत्येकीला १३ पत्ते, उरलेल्या गठ्ठ्यावरचा पत्ता उघडा. पहिल्यांदा उघडेल त्याचा रंग हुकूम. हात जिंकणारीला उघडा पत्ता, हरणारीला त्याखालचा झाकलेला. पहिले १३ हात मोजायचेच नाहीत, ते फक्त चांगले पत्ते जमवण्यासाठी. खरी लढत शेवटच्या १३ हातांची. उघडा पडलेला पत्ता दुर्री-तिर्री असला तर ताई मुद्दाम हात सोडते, आणि तिचं बहुतेक वेळा बरोबर ठरतं.

माझी विनंती एवढीच, की खेळांची ओळख करून देताना तो दोघांत खरोखर रंगतो का, पत्ते किती, जागा किती लागते आणि निवडीला किती वेळ जातो, हे लेखकांनी स्वतः खेळून लिहावं. आजारी माणसाच्या उशाशी बसणारे, घरात दोघंच असणारे माझ्यासारखे पुष्कळ वाचक असतील. खोक्यावरच्या आकड्यावरून त्यांना यातलं काहीच समजत नाही.

आपली,
एक नियमित वाचक