सूचना: चीनला सहकुटुंब निघणाऱ्यांसाठी

जुलै २०१८ (चीनमधून परदेशी कुटुंबांना मूल दत्तक घेता येत होतं तेव्हाची सूचना; २०२४ मध्ये चीनने ते बंद केलं)

दत्तक बाळ अमेरिकेत आणायला सगळं बिऱ्हाड घेऊन निघणाऱ्या सभासदांनो, चिनी व्हिसा प्रत्येक मुलाचा वेगळा काढावा लागतो, तान्ह्यालाही सूट नाही. दत्तकविधान आणि बाळाचा चिनी पासपोर्ट त्याच्या प्रांतात होतो. तिथून बाळाच्या अमेरिकन व्हिसासाठी ग्वांगझूच्या अमेरिकन वकिलातीत. बाळ दोन वर्षांचं किंवा मोठं असेल तर क्षयरोगाची तपासणी होते, निकालाला वेळ लागतो. परतीची तिकिटं बदलता येणारीच काढा.

ताबा मिळतो त्या दिवशी कचेरीत वरात नेऊ नका. एवढे अनोळखी चेहरे एकदम अंगावर आले की लेकरू भेदरतं. आईबाबा आणि फार तर एक भावंड पुरे, बाकीचे आजीजवळ हॉटेलात. (भांडणं होणारच, चिठ्ठ्या टाका!) बाळाच्या अंगावरचे बालगृहातले कपडे लगेच धुऊ नका; ओळखीच्या वासाने पुष्कळदा झोप लागते.

वकिलातीने दिलेलं सीलबंद पाकीट हातातल्या बॅगेतच ठेवा, धाकट्यांच्या हाती लागू देऊ नका. ते अमेरिकेत उतरल्यावर अधिकाऱ्यांनीच उघडायचं असतं. आयएच-३ व्हिसा (दत्तकविधान परदेशातच पूर्ण झालेल्या मुलाला मिळणारा) असेल तर मूल तिथेच नागरिक होतं.

बाबागाडी हवी असल्यास रविवारपर्यंत कळवा, गटाकडे एक आहे.

– संयोजक