जमीन झाकायला बियांच्या पाकिटातली स्ट्रॉबेरी नको

महोदय,

इंग्लंड-जर्मनीत स्थायिक झालेल्या मराठी घरांच्या परसबागेत, झाडाखाली जिथे हिरवळ धड धरत नाही, तिथे जंगली स्ट्रॉबेरी लावावी असे अनेकांच्या मनात येते. विचार उत्तम आहे. फ्रॅगारिया वेस्का ही युरोपातल्या रानांच्या कडेची, वीतभर उंचीची वनस्पती. अर्धी सावली तिला मानवते. घोटाळा होतो तो रोप निवडताना.

बाजारात बियांची जी पाकिटे मिळतात ती बहुधा 'र्‍यूगेन' किंवा 'बॅरन सोलेमाखर' अशा अल्पाइन, म्हणजे याच स्ट्रॉबेरीच्या फळांसाठी जोपासलेल्या, जातींची असतात. फळ छान, हंगामही जूनपासून थंडी पडेपर्यंत. पण या जाती रनर, म्हणजे जमिनीवर पसरून नवी रोपे धरणारे धुमारे, सोडत नाहीत. झुबका जागच्या जागी राहतो आणि मधल्या मोकळ्या जमिनीत तण माजते. जमीन झाकायची तर रनर सोडणारे मूळ रानटी वाणच हवे आणि ते रोपवाटिकेत विचारूनच घ्यावे. आणखी एक फसगत म्हणजे खोटी स्ट्रॉबेरी. तीही झपाट्याने पसरते, पण तिचे फूल पिवळे असते, लाल फळ वर तोंड करून बसते आणि चवीला निव्वळ पाणी. खरीचे फूल पांढरे, फळ खाली झुकलेले आणि वास हातभर अंतरावरून येणारा. फूल पाहिल्याशिवाय कोणाकडूनही रोपे आणू नयेत.

लागवडीआधी हरळीसारखी मुळांनी पसरणारी तणे खणून काढावीत. नंतर ती रनरांच्या जाळ्यातून उपटता येत नाहीत, हे सर्वांत महत्त्वाचे. मातीत पाच सेंटिमीटर कुजलेले पानखत मिसळावे. माती थोडी आम्ल असो वा थोडी अल्क, तिला चालते, चुनखडीच्या जमिनीतही ती वाढते. रोपे ३० सेंटिमीटरवर, म्हणजे चौरस मीटरला नऊ ते अकरा लावावीत. पाने फुटतात तो गाभा मातीच्या बरोबर पातळीला हवा. खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर सुकतो. पहिल्या उन्हाळ्यात तण हातानेच काढावे लागते. दुसऱ्या वर्षी गालिचा बऱ्यापैकी भरतो. मुळे उथळ असतात आणि झाडाखालचे पाणी झाडच ओढून घेते, म्हणून कोरड्या आठवड्यांत सकाळी मुळाशी पाणी द्यावे. नत्राचे खत जास्त झाले की नुसती पाने माजतात. दाट सावलीत जमीन झाकली जाते, फळ मात्र नाममात्र येते. त्यासाठी चार-पाच तास ऊन हवे. पायवाटेवर लावू नये, तुडवणे तिला सोसत नाही.

रोप अचानक कोमेजले आणि ओढताच मुळांशिवाय हातात आले, तर व्हाइन वीव्हिल या भुंग्याच्या पांढऱ्या अळ्यांनी मुळे खाल्लेली असतात. माती उबदार असताना, ऑगस्ट-सप्टेंबरात, या अळ्या मारणारे उपयुक्त सूत्रकृमी पाण्यातून सोडावेत. दर तीन-चार वर्षांनी जुने गड्डे काढून रनरच्या कोवळ्या रोपांना जागा करून द्यावी.

फळ जेमतेम एक सेंटिमीटरचे. पूर्ण पिकल्यावरच तोडावे आणि त्याच दिवशी खावे. ते टिकत नाही, म्हणूनच दुकानात दिसत नाही.

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी मात्र वेगळी. ती अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चिलीच्या आणि उत्तर अमेरिकेच्या जातींच्या संकरातून झाली. महाबळेश्वरच्या आम्लधर्मी लाल मातीत जंगली स्ट्रॉबेरी लावून पाहायची असेल तर अडचण मातीची नाही, पावसाची आहे. उंच गादीवाफा आणि पाण्याला वाट नसेल तर गाभे पावसाळ्यातच कुजतील. पुणे-नाशिककरांनी ती जमीन झाकायला लावूच नये, उन्हाळा तिला झेपत नाही. हौस असेल तर थंडीत कुंडीत लावावी आणि मार्चपासून सावलीत हलवावी.

– एक वाचक