आधी बसायची जागा ठरवा, मग वॉट विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी ते सवाई गंधर्व महोत्सव या दिवसांत पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या तपकीर गल्लीत स्पीकर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती वॉटचा आहे?’ वर्तमानपत्रांतल्या जाहिरातीही तोच आकडा ठळक छापतात. दहा बाय बाराच्या खोलीत टेबलाशी बसून गाणे ऐकणाऱ्याने हा प्रश्न अगदी शेवटी विचारावा. आधी कान आणि स्पीकर यांच्यात किती अंतर राहणार ते मोजावे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ते बहुधा ७० सेंटिमीटर ते एक मीटर भरते, आणि पुढचे सगळे हिशेब त्यावरून बदलतात.

छोट्या पॅसिव्ह (वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागणाऱ्या) स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलतेचा आकडा असतो, साधारण ८४ ते ८७ डेसिबल. एक वॉट दिला की एक मीटरवर तेवढा आवाज मिळतो. ८६ डेसिबलची जोडी धरली, तर दोन्ही मिळून सुमारे ८९. घरात मन लावून ऐकतानाचा सरासरी आवाज ७५ डेसिबल धरा, आणि तोही चांगला मोठा झाला. त्याला प्रत्येक स्पीकरमागे एका वॉटचा पंचविसावा भाग पुरतो. तबल्याची कडक थाप सरासरीपेक्षा २० डेसिबल वर गेली, तर शंभरपट शक्ती लागते, म्हणजे ४ वॉट. खरे २० आरएमएस (सतत देता येणारे) वॉट देणारा अ‍ॅम्प्लिफायर इथे पुरून उरतो. वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, त्यामुळे ५०चे १०० करायला मोजलेले पैसे कानाला फारसे जाणवत नाहीत. पीएमपीओचा (जाहिरातीतल्या क्षणिक कमाल शक्तीचा) आकडा तर हिशेबातच धरू नये. त्याला मोजण्याची ठरलेली पद्धतच नाही.

जवळून ऐकण्याचा दुसरा फायदा शेजाऱ्यांचा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. बंद खोलीत फरक त्याहून कमी पडतो, तरी हॉलच्या पलीकडच्या भिंतीवरचे स्पीकर टेबलावर आणले की आवाज बराच खाली ठेवता येतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. सोसायटीत भिंतीला भिंत लागून असताना ती पाळायचा हा सर्वांत सोपा मार्ग. खर्ज मात्र स्लॅबमधून उतरतो, म्हणून स्पीकरखाली रबराचे किंवा दाट फोमचे तुकडे ठेवावेत.

आकार किती घ्यावा? गायकाचा षड्ज काळी एक असेल, तर पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला वाजते. चार-पाच इंची वूफरचे (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या पडद्याचे) नीट बांधलेले खोके तिथपर्यंत बऱ्यापैकी पोहोचते. तीन इंचीला ते जड जाते. सहा-आठ इंची वूफरचे मोठे तीन-मार्गी (खालचे, मधले आणि वरचे सूर वेगळ्या पडद्यांतून काढणारे) स्पीकर मीटरभरावरून ऐकू नयेत. त्यांचे वूफर आणि ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा पडदा) एकमेकांपासून इतके दूर असतात, की जवळ बसल्यावर आवाज एकजीव होत नाही, गळा एका जागेवरून आणि त्याची धार दुसऱ्या जागेवरून येते. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीतल्या अडचणीच्या जागेसाठी एलएस३/५ए हा लहानसा स्पीकर तयार केला, तोही पाच इंची वूफरचाच होता.

खरी मेहनत मांडणीत आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. दोन स्पीकर आणि डोके यांचा समभुज त्रिकोण करावा, ट्वीटर कानाच्या उंचीला आणावा. स्पीकर नुसता टेबलावर टेकवला की टेबलाचा पृष्ठभाग आवाज परत फेकतो. उदाहरणार्थ, कान टेबलापासून ४० सेंटिमीटर वर, ट्वीटर २५ वर आणि मधले अंतर ८०. मग टेबलावरून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा सुमारे २२ सेंटिमीटर जास्त चालून येतो आणि ७९० हर्ट्झच्या आसपास दोन्ही एकमेकांना खातात. हा भर गळ्याचा प्रदेश आहे. पेटी आणि गायक दोघेही पोकळ वाटू लागतात. टेबलावर आरसा ठेवून बसल्या जागेवरून पाहावे. ज्या जागी आरशात स्पीकरचा पडदा दिसतो, तीच परत फेकणारी जागा. स्पीकर स्टँडवर उचलून टेबलाच्या कडेशी आणावा, थोडा मागे कलता करावा, किंवा त्या जागी जाड कापड पसरावे. कापडाने वरची धार मऊ होते. खालच्या पोकळीला उंचीच लागते.

हवा जाण्यायेण्याचे भोक मागे असलेले खोके भिंतीला चिकटवू नये, घुमारा वाढतो. जागाच नसेल तर भोकात फोमचा बोळा घालावा, नाहीतर मुळातच बंद खोके घ्यावे.

अ‍ॅक्टिव्ह घ्यावा की पॅसिव्ह? अ‍ॅक्टिव्हमध्ये अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो, बहुधा वूफर-ट्वीटरला वेगवेगळा अ‍ॅम्प, जुळणी कारखान्यातच होते आणि टेबलावर पसारा कमी. पण आतला बोर्ड गेला की अख्खा स्पीकर दुरुस्तीला. घेण्याआधी एक गोष्ट तपासावीच: आपोआप झोपण्याची सोय बंद करता येते का? हळू आवाजातल्या विलंबित आलापीत सिग्नल इतका बारीक असतो की काही स्पीकर मधेच बंद पडतात.

पॅसिव्हला टीपीए३११६ चिपचा छोटा डी-क्लास (कमी तापणाऱ्या जातीचा) अ‍ॅम्प छान पुरतो. मात्र सोबतचा १२ व्होल्टचा अडॅप्टर ८ ओहमच्या स्पीकरला जेमतेम ९ वॉट देऊ शकतो. १९ व्होल्टचा चांगला अडॅप्टर लावला तर २० वॉटच्या वर जातो. या अ‍ॅम्पच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या तारा एकमेकींना किंवा अर्थिंगला कधीही जोडू नयेत. त्या ‘ग्राउंड’ नसतात, त्यांतूनही आवाजाचा अर्धा भाग येतो आणि चिप जळू शकते. ट्वीटरजवळ सतत ‘सूं’ ऐकू येत असेल, तर अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती वाढवायचा तो आकडा) जास्त आहे. दोन व्होल्ट देणाऱ्या डॅकला (डिजिटल गाण्याचा सिग्नल करणाऱ्या डबीला) २० डेसिबल गेन भरपूर झाला, तरी काही बोर्ड ३२ किंवा ३६वर लावलेले येतात. वायर दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची घ्यावी. तीन मीटर अंतराला, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर तारेला, तिचा विरोध ०.०७ ओहम पडतो. महागड्या केबलने त्यात फरक पडत नाही.

संगणक जोडल्यावर ‘घूं’ येऊ लागली, तर सगळे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावावे, नाहीतर बॅलन्स्ड (बाहेरची घूं कापणारी) केबल वापरावी. अर्थची पिन काढून टाकणे धोक्याचे आहे, तसे सांगणाऱ्याचे ऐकू नये. आणि खर्ज गायब होऊन गायक मध्यभागी उभा राहत नसेल, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लागल्या आहेत.

दुकानदारांना आपल्या दैनिकामार्फत विनंती: जाहिरातीत आरएमएस वॉट किती ओहमला मिळतात ते आणि संवेदनशीलतेचा आकडा छापा. दुकानात एक टेबल, एक खुर्ची ठेवा. गिऱ्हाइकाला मीटरभरावर बसवून, त्याने आणलेले ध्वनिमुद्रण, तो घरी लावतो तेवढ्याच आवाजात दहा मिनिटे ऐकू द्या.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे