खंडेनवमीआधी बंदुकीला चिंच लावू नका

मा. संपादक,

दसरा जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या घरांत माळ्यावरची ठासणीची बंदूक खाली येते आणि चिंच, राख, नाहीतर पॉलिश पेपरने घासली जाते. लखलखते खरी, पण तिच्यावरची अक्षरं त्या घासण्यात जातात. घरात सांगतात ती कथा बहुधा पराक्रमाची असते. खरी साक्ष घोडा बसवलेल्या लोखंडी पट्टीवर असते.

पट्टीवर मागे मुकुटाखाली इंग्रजीत 'व्ही आर' आणि पुढे सालाखाली 'टॉवर' असेल, तर ती इंग्रजी फौजेच्या १८५३ च्या एनफिल्ड घडणीची असण्याचा संभव आहे. उभा सिंह हा कंपनी सरकारचा १८०८ नंतरचा शिक्का. त्याआधी चार भागांचं हृदय असे. 'टॉवर'ची नक्कल मात्र पुष्कळ झाली. स्पेलिंग चुकलेलं किंवा एखादं अक्षर उलटं दिसलं तर नक्कलच समजा.

मग, बंदूक भरलेली नाही याची खात्री करून (ती रीत खाली दिली आहे), नळीच्या तोंडाचा व्यास मोजा. १४.७ मिलिमीटर आणि आत पिळाचे खोबणे असतील तर मूळ एनफिल्ड. १६.७ भरला आणि आतून गुळगुळीत असेल, तर लोक 'झिजली' म्हणून मोडीत काढतात. ती झिजलेली नसेलही. १८५७ नंतर देशी पलटणींसाठी मुद्दाम पीळ नसलेली, रुंद नळीची बंदूक काढली, म्हणजे गोऱ्या शिपायाच्या बंदुकीइतका तिचा नेम लांबवर लागू नये. मुधोळजवळच्या हलगलीचे बेडर इंग्रजांच्या ज्या निःशस्त्रीकरणाविरुद्ध उठले, त्याच अविश्वासाची ही लोखंडी नोंद.

हात लावण्याआधी ती भरलेली नाही ना, हे पाहावं. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. नळीसमोर न येता लाकडी काठी आत टेकेपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, मग काठी बाहेरून नळीला लावून पाहा. टोक कानाच्या, म्हणजे ठिणगी आत जाते त्या छिद्राच्या, दोन बोटं अलीकडेच थांबलं तर आत ऐवज आहे. उकरू नका, पोलीस ठाण्याला कळवा.

काळपट तपकिरी थर राहू द्यावा. तो लोखंडाला सांभाळतो. फक्त नारिंगी, बोटाला लागणारा गंज तेलाच्या फडक्याने हळूच पुसावा, वर मेणाचा पातळ हात द्यावा. कातडी म्यानात ठेवू नये, खानापूरच्या पावसात कातडं ओल धरतं. पूजेत ओलं कुंकू लोखंडाला न लावता दस्त्याखालच्या पाटाला लावावं. घोडा रिकामा आपटू नये, तो ज्यावर पडतो ते निपल चेपतं.

'जुनी आहे, लायसन्स कशाला?' हा समज महागात पडतो. शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमाची सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या बंदुकीलाच आहे, नुसत्या वयाला नाही. लायसन्सधारक वारल्यास बंदूक विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारशाच्या धरून एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. जमा करताना पट्टीवरच्या खुणांचे फोटो काढून पावतीसोबत ठेवावेत. ठाण्याच्या पावतीवर बहुधा नुसतं 'जुनी बंदूक, नग एक' एवढंच येतं.

– काही वाचक, खानापूर तालुका