कृत्रिम पाय बसवण्याचे शिक्षण मराठवाड्यात मिळावे

महोदय,

दिव्यांगांसाठी शिबिरे भरतात, कृत्रिम पाय आणि कॅलिपर (अशक्त पायाला आधार देणारे साधन) यांचे वाटप होते, त्याच्या बातम्याही छापून येतात. मात्र तो पाय मापून, घडवून बसवणारा प्रोस्थेटिस्ट कुठे शिकतो आणि शिबिर उठल्यावर रुग्णाने त्याला कुठे शोधायचे, याची चर्चा होत नाही. मुंबईत याच कामाचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण करून मी अंबाजोगाईत काम करते, म्हणून हे लिहीत आहे.

डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास घडवलेल्या जयपूर फूट या कृत्रिम पायामुळे पाय गमावलेल्या माणसाला मांडी घालून बसणे आणि शेतात अनवाणी चालणे शक्य झाले. तरीही तो पाय रोज वापरला जाईल की घराच्या कोपऱ्यात पडून राहील, हे बहुतांशी सॉकेटवर, म्हणजे पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो त्या खोबणीवर, ठरते. गुडघ्याखालच्या पायाचे माप घेताना नडगीची धार आणि बाहेरच्या बाजूचे हाडाचे टोक पेन्सिलने खुणावून पीओपीची (प्लास्टरची) ओली पट्टी गुंडाळायची आणि ती घट्ट होईपर्यंत गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेच्या दोन्ही बाजूंना अंगठे दाबून धरायचे असतात. त्या साच्यातून निघालेल्या प्रतिकृतीवर, जिथे शरीर भार सोसते तिथले प्लास्टर खरवडायचे आणि जिथे हाड कातडीला लागून असते तिथे थोडे चढवायचे. किती, हे जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली अनेक रुग्णांची मापे घेतल्यावरच हाताला कळते.

शस्त्रक्रियेनंतर काही महिने स्टंप (पायाचा उरलेला भाग) आक्रसत राहतो, सॉकेट सैल होतो, त्यावर चढवायचे मोजे वाढवूनही भागेनासे झाले की नवे माप घ्यावे लागते. मधुमेहामुळे पाय गमावलेल्यांची त्वचा अनेकदा बधिर असते. सॉकेट घासून जखम झाली तरी त्यांना कळत नाही. अशा रुग्णाला तपासणारा माणूस एसटीच्या एका फेरीत गाठता आला पाहिजे.

भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा, इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा हा अभ्यासक्रम आहे. बारावी विज्ञान झालेल्या, हाताने काम करण्याची आवड असलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना त्यासाठी मुंबईचा खर्च झेपत नाही. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथील शासकीय महाविद्यालयांत अस्थिव्यंगोपचार विभाग आहेत. शिकण्यासाठी लागणारे रुग्ण तिथे येतातच. त्यांपैकी किमान एका ठिकाणी सुसज्ज कार्यशाळेसह हा अभ्यासक्रम सुरू करावा, आणि उत्तीर्ण होणाऱ्यांसाठी मराठवाड्यातील प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कायमस्वरूपी पद निर्माण करावे, अशी वैद्यकीय शिक्षण व सार्वजनिक आरोग्य विभागांना कळकळीची विनंती आहे.

– एक प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट, अंबाजोगाई (जि. बीड)