व्हॉल्व बदलायच्या आधी पाण्याचं प्रेशर मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फ्रिजच्या दारातून पाणी बारीक येतं, बर्फ धड होत नाही, ही तक्रार आमच्या एका सोसायटीतच चार-पाच घरांत आहे आणि प्रत्येक घरात वेगळा पार्ट बदलून झालाय, म्हणून मुद्दाम हे पत्र लिहितेय.

आम्ही सात मजली बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बर्फाचा शेक दिवसातून तीनदा, म्हणून पाण्याचं कनेक्शन लागणारा, आपोआप बर्फ करणारा मोठा फ्रिज घेतला. पहिल्या आठवड्यापासून दारातून करंगळीएवढी धार, ग्लास भरेपर्यंत बाबा वॉकर धरून उभे, आणि बर्फाचे तुकडे आतून पोकळ, हातात घेतले की चुरा. मेकॅनिक आला, म्हणाला व्हॉल्व (फ्रिजमध्ये पाणी सोडणारी झडप) गेलाय, व्हॉल्व बदलला, फरक शून्य. मग फिल्टर बदलला, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. तिसऱ्या वेळी म्हणाला फ्रिजचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बदलावा लागेल, तेव्हा मात्र मी थांबवलं आणि सोसायटीच्या प्लंबरकाकांना वर बोलावलं. त्यांनी किचनच्या नळाला प्रेशर मोजायचा गेज लावला, काटा अर्ध्या किलोवर (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो दाब). म्हणाले, ताई, टाकी तर तुमच्या डोक्यावरच आहे, प्रेशर येणार कुठून?

हे गणित कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. उंचावरच्या टाकीतून पाणी येतं तेव्हा दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर मिळतं. टाकीतलं पाणी आमच्या फ्रिजच्या जोडणीपासून जेमतेम पाच मीटर वर, म्हणजे अर्धा किलो. आणि फ्रिजच्या पुस्तिकेत, मागच्या पानांत बारीक अक्षरात, कमीत कमी 20 पीएसआय (चौरस इंचाला 20 पौंड दाब) लिहिलंय, म्हणजे 1.4 किलो, म्हणजे चौदा मीटर. काही मॉडेल 30 पीएसआय मागतात, म्हणजे एकवीस मीटर, मग आमच्या बिल्डिंगमध्ये फक्त पहिल्या मजल्यावरच ते नीट चालणार! दुकानात लिटर विचारले, रंग विचारला, कितव्या मजल्यावर राहता आणि टाकी कुठे आहे हे कोणी विचारलं नाही.

पोकळ बर्फाचं कारणही तेच निघालं. बऱ्याच मॉडेलमध्ये ट्रे भरायला व्हॉल्व ठरावीक काही सेकंदच उघडतो, तेवढ्यात जेवढं पाणी आलं तेवढ्याचाच बर्फ, मग प्रेशर कमी असलं की तुकडे छोटे किंवा पोकळच होणार. दुसरी गोष्ट मला खरंच माहीत नव्हती, हा व्हॉल्व घट्ट बंद व्हायलासुद्धा पाण्याचं प्रेशर लागतं, ते नसलं तर थेंब थेंब गळत राहतो, आमच्या बर्फाच्या डब्यात सगळा एक दगड झाला होता तो यामुळेच. म्हणजे नवा व्हॉल्व टाकला तरी तोही गळलाच असता, आणि तसंच झालं.

प्लंबरकाकांनी जे दाखवलं ते इथे सांगते, कोणाचे तरी पैसे वाचतील. पाणी आणि बर्फ दोन्ही कमजोर असेल तर दोष दोघांच्या समाईक वाटेवर शोधायचा, म्हणजे मागची तोटी पूर्ण उघडी आहे का, फ्रिज भिंतीला सरकवताना पाव इंची पाइप दुमडला का, फिल्टर, आणि व्हॉल्वच्या तोंडाची जाळी. टाकी धुतली की चार दिवस गाळ येतो आणि तो नेमका या जाळीत बसतो. बर्फ चांगला होतोय पण दारातूनच पाणी नाही, तर दारातली नळी गोठली असण्याची शक्यता जास्त. फिल्टरचा संशय असेल तर तो काढून बरोबर आलेलं बायपासचं बूच लावायचं, धार सुधारली तर दोषी फिल्टर, नाहीतर नवीन आणू नका. धार डोळ्यांनी न बघता मोजा, दहा सेकंदात पाऊण कप, म्हणजे 180 मिली तरी यायला पाहिजे, आमच्याकडे 50 पण येत नव्हतं. आणि नवीन फिल्टर लावल्यावर लाइनमधली हवा जाईपर्यंत बरंच पाणी सोडून द्यावं लागतं, तोपर्यंत धार फसफसतच येते, त्यावरून घाबरू नका (ते पाणी झाडांना घाला).

आरओचं वेगळं सांगावंसं वाटतं, कारण पुष्कळ लोक फ्रिजची नळी आरओला जोडून घेतात. भिंतीवरच्या घरगुती आरओची छोटी टाकी नुसत्या उतारावर चालते, तिच्यात प्रेशर जवळपास नसतंच, मध्ये पंप टाकल्याशिवाय फ्रिजपर्यंत पाणी जोरात पोचणार नाही. उलट थेट बोअरचं किंवा टँकरचं पाणी जोडलं तर फ्रिजचा कार्बन फिल्टर क्लोरीनचा वास घालवतो, क्षार नाही, ते व्हॉल्वमध्ये आणि नळ्यांत साचत जातात. ज्यांच्याकडे टँकर सुरू आहे त्यांनी हा विचार आधीच करावा.

आम्ही शेवटी किचनच्या लाइनवर आपोआप बंद-चालू होणारा छोटा प्रेशर पंप बसवला आणि त्याच संध्याकाळी बाबांचा ग्लास भरला, दुसऱ्या दिवशी बर्फ पण घट्ट. फक्त एक, हा पंप आपल्या टाकीच्या लाइनवर लावायचा, महापालिकेच्या लाइनला मोटर लावू नका, ते नियमाविरुद्ध आहे आणि शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं.

आपल्या पेपरात सणासुदीला या फ्रिजच्या पानभर जाहिराती येतात. त्यात लिटरच्या शेजारी किती प्रेशर लागतं ते मोठ्या अक्षरात छापावं अशी कंपन्यांना विनंती आहे, आणि फ्रिज बसवायला येणाऱ्या माणसाबरोबर गेज असलाच पाहिजे. गरज नसताना पार्ट बदलून पैसे घेतले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार करता येते, सोबत जुना पार्ट मागून घ्या, बिल जपून ठेवा. आमच्या सोसायटीने आता एक गेज विकत घेऊन ऑफिसात ठेवलाय, फ्रिजची किंवा वॉशिंग मशीनची पाण्याची तक्रार आली की मेकॅनिकला फोन करायच्या आधी तो लावायचा असं मीटिंगमध्ये ठरलंय, बाकीच्या सोसायट्यांनी पण हे करावं.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे